दोऱ्याचं घर

आमच्या घरात बाहेरची कडी वाजवून आत येणारं घरचं एकच माणूस होतं... माझ्या नणंदबाई. ह्यांच्या धाकट्या, पण मला वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना वन्सं म्हणायची. त्या सकाळी कडी वाजली तशी मी ओल्या हातांनीच धावले. वाटलं, इस्पितळातून त्यांना आणलं! दारात हे एकटेच उभे होते. स्वतःच्या घरात पाऊल टाकायचा ह्यांना धीर होत नव्हता.

लग्नानंतर वर्षभरातच वन्सं माहेरी परतल्या आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागल्या. त्या दिवसांत माधव नगरात जो तो मजला चढवत होता. ह्यांनीही चढवला, वन्संसाठी खोली काढली. तरी त्या ‘दादाचं घर’च म्हणायच्या, आणि दार सताड उघडं असलं तरी कडी वाजवून उभ्या राहायच्या. ‘असं का करता’ हे विचारणं मला कधी जमलं नाही.

एका पावसाळ्यात त्यांनी शिप्रा नदीच्या राम घाटावर, खालच्या पायऱ्यांवर घर मांडलं. वाळूच्या डब्यांत रोवलेले चार बांबू आणि त्यांच्याभोवती ताणलेला पांढरा दोरा, बस्स. शाळेतल्या बाई त्याला कलाकृती म्हणत होत्या. एक पंडितजी हसले, “बहनजी, छत डालना भूल गईं? मकान किसका है?”

“शिप्राजी का. मैं तो किरायेदार हूँ.”

लोक बघत होते म्हणून मी लांबच उभी होते. वन्संनी हाताला धरून, दोऱ्याखालून वाकवून मला आत नेलं. मी हळूच विचारलं, “दार कुठाय?”

“ठेवलंच नाही, वहिनी. कडी वाजवायला नको.”

मग पाणी चढलं. आम्ही दोघी वरच्या पायरीवर एका छत्रीत उभ्या होतो. बांबू एकेक करून कलले. दोरा थोडा वेळ तरंगला आणि दिसेनासा झाला. मला रडू फुटलं.

“रडताय काय? ती नेणारच होती. नदी कुठे विचारते, आत येऊ का म्हणून?”

घरी आल्यावर मात्र त्यांनी कडी वाजवली.

इस्पितळातल्या शेवटच्या संध्याकाळी म्हणाल्या, “वहिनी, मला घरी न्या.” दादाच्या घरी नव्हे... नुसतं घरी. मी म्हटलं, “उद्या नेते.”

त्यांच्या खोलीत त्या दोऱ्याचं रीळ अजून आहे. तेराव्यानंतर त्यातलाच दोरा काढून मी बाहेरची कडी घट्ट बांधून टाकली. दूधवाला कडीकडे बघत म्हणाला, “भाभी, कुंडी क्यों बाँध दी?”

मी दुधाचं पातेलं पुढे केलं. दार उघडंच होतं.