दाताखाली धरलेला बियाण्याचा दाणा

मंडळी, आज एका बाईंनी मला एक साधा प्रश्न विचारला.

सकाळी इथल्या दाना ओली बाजारातल्या माझ्या बियाण्यांच्या दुकानात रामकलीबाई नवऱ्यासोबत आल्या. तीन बिघे जमीन, एक म्हैस. मध्य प्रदेश व्हायच्या आधीपासून घरात चालत आलेला उंच गहू पेरतात. गेल्या रब्बीत तो वाऱ्याने आडवा झाला, म्हणून नवीन वाण बघायला आल्या होत्या.

मी ठेंगण्या वाणाचं उत्पन्न सांगत सुटलो. नवऱ्याने विचारलं, म्हशीसाठी भुसा किती निघेल? म्हटलं, थोडा कमी. त्याचं तोंड उतरलं.

तेवढ्यात बाईंनी नमुन्यातला दाणा दाताखाली धरला. इकडे गहू असाच पारखतात. मी ओरडलो, "अम्मा, थूको! दवाई लगी है!"

चूळ भरून त्या म्हणाल्या, "तो तुम बताओ, रोटी कैसी बनती है? खाई है?"

वीस वर्षं बियाणं विकतोय. खाल्ली नव्हती.

त्या रिकाम्या हाताने गेल्या. पेरणीला आठवडाच उरलाय, म्हणून रविवारी त्यांना पुन्हा बोलावलंय. कुणी हा ठेंगणा वाण गेल्या वर्षी पेरला असेल तर दोन किलो पीठ आणा, दुकानातच पोळ्या करू.

आणि खरं सांगा, हा गहू तुम्ही घरी खाता, की नुसता मंडीत विकता?