वीटभट्टी थांब्याचा वैरी

माझ्या साडूविषयी चांगलं लिहायचं ठरवलं, तर कागद कोराच ठेवावा लागेल. तो बसचा कंडक्टर. सगळ्या मार्गावर त्याला ‘डबल’ म्हणतात. घंटी एकदा वाजली की बस थांबते, दोनदा वाजली की निघते. आणि थांब्याकडे कोणी धावत येताना दिसलं की याला दोनदा वाजवायची भारी हौस.

निवृत्ती तोंडावर आली असताना घरमालकाने त्याला खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. त्याची बायको म्हणजे माझी थोरली मेहुणी. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ती घरी शिवणकाम करते आणि तिचे गुडघे गेलेले आहेत. तळमजला हवा, दवाखाना जवळ हवा आणि मशीनपुरता उजेड हवा, एवढंच तिचं मागणं. त्यांच्या शिलकीत शहरात काही मिळणं शक्य नव्हतं. उपनगर गाठणं भाग होतं.

मी जन्मभर हिशेबखात्यात काढलेला माणूस. किंमत, पाणी, दवाखाना, बस असे रकाने आखून मी चार उपनगरं मांडून दिली. आमचं उपनगर त्यात नाही, हे बायकोच्या लगेच लक्षात आलं. त्या दिवशी माझ्या ताटातल्या भाजीत मीठ नव्हतं.

साडूने तो कागद पाहिलासुद्धा नाही. त्याला उपनगरं थांब्यांवरून माहीत. टाकीजवळचे लोक सकाळी सकाळी मोठी नोट काढतात, म्हणून टाकी बाद. पुलापलीकडचे दारात लोंबकळतात, आत सरकत नाहीत; तेही बाद. टेकडीवर तर पोराचं वय विचारलं की आई त्याचं डोकं खाली दाबते. असल्या लोकांत राहायचं का, असा त्याचा सवाल. ते काय तिकीट काढून आपल्या घरात येणार आहेत का, असा ताईचा.

उरली वीटभट्टी. तिथलं घर परवडत होतं, दवाखानाही चालत जाण्याजोगा होता. पण वीटभट्टीच्या लोकांनी पूर्वी एकदा डेपोत त्याची तक्रार केली होती. तेव्हापासून हा त्या थांब्यावर अर्धी रिकामी बसही डबल मारून पुढे न्यायचा.

ताई त्याला न विचारता मला घेऊन घर बघायला गेली. जोडघर होतं. एका भागात मालकीण राहत होती, इस्पितळातून निवृत्त झालेली नर्सबाई. दुसरा भाग विकायचा होता. दाराला पायरी नव्हती. खिडकीतला उजेड थेट समोरच्या भिंतीपर्यंत पोचत होता. ताईने तिथे उभं राहून पदराची शिवण डोळ्यांजवळ न नेता पाहिली आणि म्हणाली, “मशीन इथे.” मला वाटलं, झालं काम.

पुढच्या खेपेला साडू सोबत आला आणि सगळं फिसकटलं. नर्सबाईने चष्मा पुसून त्याला नीट पाहिलं.

“हा डबल ना?”

मग तिने त्याला उभा सोलला. त्याच्यामुळे ती वॉर्डात उशिरा पोचायची, सगळ्यांदेखत बोलणी खायची. शेवटी तिला रात्रपाळी मागून घ्यावी लागली होती. या माणसाने निदान मान तरी खाली घालावी. तो म्हणाला, थांब्यावर वेळेआधी यायचं असतं. ताईने डोळे मिटून घेतले.

“घर मी ताईंना देईन,” नर्सबाई म्हणाली. “पण याने आठवडाभर सकाळी आमच्या थांब्यावर उभं राहायचं. युनिफॉर्म न घालता. भिंतीला भिंत लावून राहायचंय, माणूस कळू दे.”

बाहेर पडल्या पडल्या साडू म्हणाला, खड्ड्यात गेलं घर, दुसरं बघू.

“तुम्ही बघा दुसरं,” ताई म्हणाली. “मी मशीन घेऊन हिच्या अंगणात बसते.”

त्याने दुपारची पाळी मागून घेतली. थांब्यावर त्याला रांगेच्या शेपटाशी जागा मिळाली. लोक विचारत, काय मास्तर, चुकून उतरलात का? रोज बस येई आणि न थांबता जाई. वर तिचा कंडक्टर यानेच तयार केलेला. ताईच्या आग्रहावरून एका सकाळी मीही गेलो. खरं म्हणजे मला गंमत बघायची होती.

बस आली. मागच्या सीट रिकाम्या दिसत होत्या, पण वेग कमी होईना. साडू रांग सोडून निघाला तो थेट रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. ब्रेक करकचले. ड्रायव्हरने त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

“युनिफॉर्म नाही म्हणून ओळखलं नाहीस होय रे?” साडू कंडक्टरला म्हणाला. “मागे जागा आहे आणि डबल मारतोस? दार उघड. नाहीतर इथेच आडवा होतो.” मग रांगेकडे वळला. “चढा की! मुहूर्त काढायचाय?”

सगळे चढले. आभार कोणी मानले नाहीत. त्याच्या चेहऱ्यावर थोडी तरी शरम दिसेल म्हणून मी निरखून पाहिलं. तो नुसता रागावलेला होता.

नर्सबाई फाटकातून पाहत होती. आठवडा पुरा व्हायच्या आत तिने घर देत असल्याचा निरोप पाठवला. सुधारला म्हणून का, असं ताईने भीत भीत विचारलं.

“सुधारतोय कसला! पण असला भांडकुदळ समोर असण्यापेक्षा शेजारी असलेला बरा.”

ताईचं मशीन खिडकीसमोर लागलं. साडू आता निवृत्त झाला आहे. वीटभट्टीत त्याच्याशी कोणी धड बोलत नाही. मात्र बस थांबेनाशी झाली की सगळे त्याचंच दार वाजवतात. परवा मी ताईला भेटून निघालो, तर बस भरून आली. याने हात आडवा केला आणि ती मुकाट थांबली. मला खांद्याने आत ढकलत तो म्हणाला, “साडूभाऊ, सुटे काढा. मोठी नोट दाखवून आमच्या थांब्याचं नाव घालवू नका.”

आणि बसच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थापटलं.