सूर्यचुलीचा ठराव

उमरग्याच्या बाजूच्या एका गावात मी चार वर्षं ग्रामसेवक होतो. गावाचं नाव इथं लिहीत नाही. वय पंचवीस होतं, अक्षर चांगलं होतं आणि नोकरी नवी होती. ऐंशीनंतरची ती वर्षं. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले होते. गावापासून कोसभर अंतरावर पाझर तलावाचं रोजगार हमीचं काम सुरू होतं. सकाळी आठनंतर गावात म्हातारी माणसं, थोडी जनावरं आणि मी एवढेच उरत असू.

त्या उन्हाळ्यात तालुक्याहून आमच्या गावासाठी दोन सूर्यचुली मंजूर झाल्या. सूर्यचूल म्हणजे पत्र्याच्या सुटकेसएवढी पेटी. आतून काळा रंग, वर दुहेरी काच, काळ्या रंगाचे चार डबे आणि झाकणाला आतल्या बाजूनं बसवायचा आरसा. पेटी उन्हात ठेवायची, आरसा सूर्याकडे करायचा, तासाभरानं पेटी थोडी फिरवायची. दोन-तीन तासांत डाळ-भात शिजतो, असं सोबतच्या पत्रकात लिहिलं होतं. पत्रकात अटीही होत्या, पण फार नव्हत्या. जागा मोकळी आणि बिनसावलीची हवी, ग्रामसेवकानं ती समक्ष पाहून दाखला द्यावा, आणि आरसा नेताना कापडात गुंडाळूनच न्यावा.

पहिली पेटी मागासवर्गीय लाभार्थ्याला द्यायची होती. मी ती बौद्ध वस्तीतल्या एका बाईंना दिली. त्या माझ्याच वयाच्या असतील. नवरा सोलापूरकडे कामाला गेलेला, घरी सासू. घर पत्र्याचं, गायरानाच्या कडेला, फाट्यावरून गावात येणाऱ्या रस्त्याला लागून. आता मी त्यांना ‘त्या’ म्हणतो आहे. तेव्हा ‘अगं’ म्हणत होतो.

पेटी दिली त्या दिवशी बरीच माणसं जमली होती. एक जण म्हणाला, “भाऊसाहेब, ह्यात भाकर कशी थापायची?”

“भाकर होत नाही. भात होतो.”

“भात! तांदूळ तालुक्याहून येतोय का पेटीसंगट?”

लोक हसले. त्या बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “कण्या शिजत्याल का?”

ज्वारीच्या कण्या शिजतील की नाही हे पत्रकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच शिजवून पाहिल्या. शिजल्या.

त्यांना पेटी कशासाठी हवी होती, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. सासूला दमा होता. लाकूडफाटा मिळत नव्हता, चुलीत तुराट्या, पालापाचोळा, जे हाती लागेल ते जाळावं लागे. सून कामावर गेल्यावर म्हातारी दुपारी चूल पेटवायची आणि धुरानं तिचा दम उठायचा. ती रस्त्यावर येऊन, गुडघ्यांवर हात टेकून उभी राहायची. फाट्याकडे जाता-येता मी तिला तशी बऱ्याचदा पाहिलेली होती. पेटी आल्यापासून सून पहाटे कण्या आणि डाळ डब्यांत भरून ठेवायची, म्हातारी उन्हं वर आली की पेटी उघडायची आणि सावली बघून फिरवायची. एवढंच काम. ती ते मन लावून करायची. मला एकदा म्हणाली, “फिरवायचं कळलं की झालं. बैलाला फिरवावं तसं फिरवायचं, वढायचं न्हाय.”

दुसरी पेटी गावात प्रात्यक्षिकासाठी होती. ती दहा-बारा दिवसांनी एसटीच्या टपावरून आली. सकाळी नऊची वेळ. मी फाट्यावर ती उतरवून घेतली, सायकलच्या कॅरिअरवर ठेवली आणि वर आरसा आडवा बांधला. आरशाला कापड गुंडाळलेलं होतं. ते मी सोडून पिशवीत टाकलं.

का सोडलं, याचं कारण सांगायला लाज वाटते इतकं लहान आहे. आरशाचा कवडसा समोर पळताना मला बघायचा होता. ऊन पाठीमागून येत होतं, मी सायकल हातात धरून गावाकडे चाललो होतो आणि चाक खड्ड्यात गेलं की उजेडाचा एक तुकडा पुढच्या भिंतीवर, बाभळीवर, भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या जाहिरातीवर उडी मारायचा. मला मजा वाटत होती. लोक बघतील, प्रात्यक्षिकाला जमतील, असंही मनात होतं.

वस्तीजवळ समोरून बैलगाडी आली. सरकारी डेपोतला कडबा आणायला रिकामीच चालली होती. गाडीत एक चाळिशीचा शेतकरी उभा होता. माझं चाक खड्ड्यात गेलं आणि कवडसा सरळ बैलांच्या तोंडावर पडला. बैल बुजून बाजूला वळले, गाडीचं एक चाक चरात गेलं, गाडी कलंडली आणि तो माणूस खाली पडला. गाडीची दांडी त्याच्या नडगीवर आली.

यानंतर मी जे केलं, ते पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी सायकल भिंतीला टेकवली, पिशवीतलं कापड काढलं आणि आरसा गुंडाळला. दोरी बांधली. मग धावलो.

पाच-सहा माणसं जमली. गाडीवाला कण्हत म्हणत होता, “डोळ्याम्होरं लख्ख झालं. आरसा. आरसा हुता.” सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. वीसएक पावलांवर, रस्त्याच्या कडेला, त्या बाईंच्या दारात पेटी उघडी होती आणि तिच्या शेजारी म्हातारी उभी होती.

“हीच ती आरशाची पेटी,” कुणीतरी म्हणालं.

मी काही बोललो नाही. त्या माणसाला आम्ही जीपमधून मुरुमला दवाखान्यात नेलं. पाय मोडला होता. तो पुढं बरा झाला, थोडा लंगडायचा.

दुसऱ्या दिवशी चावडीत बैठक बसली. सरपंच घरात कानडी आणि चावडीत मराठी बोलणारे, शांत स्वभावाचे शेतकरी होते. ते एवढंच म्हणाले, “रस्त्याच्या कडंला आरसा नको. बाकी काय करायचं ते करा, भाऊसाहेब.”

एक सदस्य म्हणाला, “म्हातारी आरशात बघून पावडर लावत आसंल.”

“लाव की तू बी,” दुसरा म्हणाला, “बैल तुला बघूनच बुजत्याल, आरसा कशाला लागतोय?”

हसणं झालं आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण लिहायचं मी होतो.

रस्त्यापासून अमुक पावलं आत ठेवावी, एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. बाईंच्या घरामागे जागाही होती. पण पेटी त्या वस्तीत राहू नये असं मला वाटत होतं. आरसा नेहमी सूर्याकडे तोंड करून असतो. त्या सकाळी सूर्य पूर्वेला होता आणि गाडी पश्चिमेकडून आली होती. बैलांना त्या पेटीची दिसली असेल ती झाकणाची पाठ, नुसता पत्रा. कुणीही नऊ वाजता तिथं उभं राहून पाहिलं असतं, तर त्याला हे समजलं असतं. पेटी तिथं राहिली असती, तर कुणीतरी पाहिलं असतं.

म्हणून मी ठराव असा लिहिला: गावाच्या हद्दीत सूर्यचूल बसवणे झाल्यास ती केवळ पक्क्या माळवदावर (सपाट धाब्यावर), तीन बाजूंनी कठडा असलेल्या जागी, व ज्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या घर आकारणीच्या वहीत आहे अशाच घरावर बसवावी. यातली माळवदाची, कठड्याची आणि नोंदीची गोष्ट कुणीही सांगितलेली नव्हती. सरपंचांनी वाचलं, “झकास लिहिलंय” म्हणाले आणि सही केली.

संध्याकाळी कामावरून परतताना त्या बाई चावडीवर आल्या. कपड्यांवर मातीच माती होती.

“भाऊसाहेब, पेटी नेणार म्हणं.”

“ठराव झाला आहे.”

“मग पत्र्यावर ठिवते.”

“माळवद पाहिजे. पत्र्यावर चालत नाही.”

“आमच्या गल्लीत कुणाचं माळवद हाय?”

मी उगाच वही उघडली. “कुणाचं नाही.”

“आन् नोंद?”

“नाही.”

“मग ह्या गल्लीला द्यायची न्हाय, आसंच लिवायचं. शाई वाचली आसती तुमची.”

मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा आहे. त्या म्हणाल्या, “धा दिस म्हातारी सलग झोपली, भाऊसाहेब. तुमी येऊन बघा पायजे तर. दमा उठला न्हाय तिचा.” मी म्हणालो, बघू. त्या गेल्या.

दोन दिवसांनी मी शिपायाला घेऊन पेटी आणायला गेलो. म्हातारीनं स्वतः डबे धुऊन, पुसून आत ठेवले होते. ती माझ्याकडे बघत राहिली. मला ते बघणं ओझ्यासारखं वाटलं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. पेटी एका सदस्याच्या माळवदावर गेली. तालुक्याचे साहेब पाहणीला आले तेव्हा तिच्यात शेंगा उकडून दिल्या, साहेबांनी खाल्ल्या. नंतर तिच्यात शेवया ठेवत असत. दुसरी पेटी चावडीतच राहिली.

फाट्याकडे जाताना मला पुन्हा तो धूर दिसायला लागला, आणि दुपारी कधी कधी रस्त्यावर गुडघ्यांवर हात टेकून उभी असलेली म्हातारी. मी सायकल जोरात मारायचो.

चार-पाच महिन्यांनी मी गायरानाच्या कडेच्या त्या घरांची नोंद करून घेतली. त्यासाठी तालुक्याला सहा-सात खेपा घातल्या, सरपंचांचं मन वळवलं. ते काम मी नीट केलं. बाईंच्या हातात उतारा दिला तेव्हा वाटलं, झालं, फिटलं. पुढं माझी बदली लोहाऱ्याकडे झाली, मग आणखी कुठं कुठं. मी विस्तार अधिकारी झालो. अपारंपरिक ऊर्जेच्या योजना माझ्याकडे आल्या, आणि सौर दिव्यांच्या, सौर बंबांच्या अटी मी गावोगाव समजावून सांगितल्या.

गेल्या वर्षी त्या गावात सौर पथदिवे बसवायचे होते, म्हणून जाणं झालं. काम आटोपल्यावर मी एकटा वस्तीत गेलो. त्या बाई दारातच बसल्या होत्या, शेंगा फोडत. केस पिकलेले. घर आता विटांचं होतं. त्यांनी मला ओळखलं, आत बोलावलं, चहा केला. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी विचारलं, दम्यानं का? त्या म्हणाल्या, “म्हातारी हुती. गेली.”

मग मी सांगितलं. कापड सोडल्यापासून कापड बांधेपर्यंत सगळं. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो.

त्या म्हणाल्या, “ठावं हाय.”

मी वर पाहिलं.

“म्हातारीनं बघितलं हुतं की. पेटीपाशीच उभी हुती. तुमी आधी आरसा बांधला, मंग पळाला, हे समदं सांगितलं तिनं मला त्याच रातीला.”

“मग चावडीवर का नाही बोललात?”

“ती म्हणत हुती, चल, सांगू. म्याच नको म्हणलं. म्हणलं, आत्ती, घराची नोंद त्या माणसाच्या हातात हाय. पेटी गेली तर जाऊं दे, घर ऱ्हाऊं दे.” त्यांनी कप उचलून बाजूला ठेवला. “आन् तुमी केली नोंद. मला वाटलं, तुमाला बी कळलंय, आमी का गप बसलाव ते.”

मला ते कळलेलं नव्हतं. नोंद मी माझ्या मनानं केली असं मला वीस वर्षं वाटत होतं. त्या घरात तो एक सौदा होता, आणि त्याची किंमत म्हातारीनं रोज दुपारी दिली होती.

“आता काय करू?” मी विचारलं. हा प्रश्न तरी त्यांना विचारायला नको होता.

“त्यो ठराव हाय का आजून?”

“असेल. रद्द कुणी केला असेल असं वाटत नाही.”

“मंग चावडीत लिहून द्या, कसं झालतं ते. आमच्या पेटीनं पाय मोडला म्हणून अजून बोलत्यात लोकं.”

मी चावडीत, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेलो. आता तिथं एक तरुण ग्रामसेविका आहेत. माझा हुद्दा बघून त्या उभ्या राहिल्या. मी कोरा कागद मागितला आणि पानभर मजकूर लिहिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, “सर, हा अर्ज म्हणून घेऊ की तक्रार म्हणून?”

“तक्रार.”

“कुणाविरुद्ध?”

“खाली सही आहे, त्याच्याविरुद्ध.”

त्यांनी शिक्का मारून पोच दिली. ती घेऊन मी परत वस्तीत गेलो आणि मजकूर बाईंना वाचून दाखवला. त्यांनी शेंगा बाजूला सारून शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हातारीचं नाव घातलं न्हाई व्हय?” त्या म्हणाल्या. “‘एका वृद्ध महिलेने पाहिले’ आसं काय लिवलंय? नाव घाला की.”

मी खरं ते सांगितलं. मला त्यांच्या सासूचं नाव माहीत नव्हतं.

त्यांनी नाव सांगितलं, सासऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट, सावकाश, मला लिहून घेता यावं म्हणून. मी ते पोचेच्या मागं लिहून घेतलं आणि कार्यालय बंद व्हायच्या आत परत चावडीकडे निघालो.