बिनसहीचा कागद

डोळा लागत नाहीये, पण उघडतही नाहीये. दुपारचे अडीच-तीन झाले असतील. पोटात मुगाची खिचडी आहे, खाली भंगारवाला ओरडतोय आणि त्याचा आवाज हळूहळू लांब जातोय. मी कूस बदलते. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं वाजतं.

घरात मी एकटीच आहे. आमचे हे माघात गेले, तेव्हापासून एकटीच.

"कोण आहे?"

"मी. आज काहीच रांधलं नाहीस?"

मी उठून जाते की नुसती तिथे असते, कळत नाही. ओट्यापाशी इंदू उभी आहे. इंदू म्हणजे ह्यांची पहिली बायको, मी या घरात यायच्या वर्षभर आधी वारलेली. मी तिला फोटोतच काय ती पाहिलेली. पण माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या डब्यांची झाकणं अशी हक्कानं उघडून बघणारी दुसरी कोण असणार!

आज अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी, अहेवपणी गेलेल्या बाईचा पितृपक्षातला दिवस. एकवीस वर्षं मी या दिवशी हिच्या नावानं सवाष्ण जेवू घातली, खीर-वड्यांसकट. साडी-खण देऊन ओटी भरली. यंदा गुरुजी म्हणाले, "यजमानच गेले, आता नवमी बंद." मला मेलीला हायसंच वाटलं. म्हणून खिचडी.

इंदूच्या अंगावर पोपटी साडी आहे, पहिल्या वर्षी दिलेली. पुन्हा बघते तर कांदारंगी. पुन्हा बघते तर चटणी रंगाची. सगळ्या माझ्याच, आणि सगळ्या हलक्यातल्या. खोटं कशाला बोलू, मी मुद्दामच हलक्यातल्या घ्यायची. तर त्या हलक्यातल्या साडीतही ही बया अडतिशीचीच दिसते, आणि मी एकसष्टची. कपाळाला हे एवढं कुंकू, हातात हिरवा चुडा. नवरा गेला तो माझा, हिचं काहीच गेलं नाही. जळफळाट होणार नाही तर काय होईल?

"काय बघतेस एवढं?"

"तुमचं बरंय, इंदूताई," मी म्हणते. "कुंकू तुमचं, चुडा तुमचा, आणि घरही तुमचंच."

"घर?"

ती 'घर' म्हणते आणि ओट्याच्या जागी सोसायटीच्या ऑफिसातलं टेबल असतं. गॅसवरचं दूध मात्र तिथेच तापत राहतं. टेबलावर आमच्या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट आहे. पहिलं नाव भास्कर खरवंडीकर, दुसरं इंदुमती भास्कर खरवंडीकर. बिल्डिंग पाडून नवी बांधणार आहेत, रविवारी सगळ्यांच्या सह्या. ज्याचं नाव कागदावर, त्यालाच नवी जागा. सेक्रेटरी लोखंडे मागच्या आठवड्यात मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, तुमचं नाव कुठेच नाही हो." इंदूच्या हिश्श्याला नॉमिनी म्हणून तिच्या भावाचं, मनोहरचं नाव आहे. तो आज पाचला येणार आहे, बोलायला.

एकवीस वर्षं या घरात राबले, आणि कागदावर अजून हीच ह्यांची बायको!

"दरवर्षी मी ह्यांच्या मागे लागायची," मी इंदूला सांगते. "अहो, गेलेल्या माणसाचं नाव कमी करा, माझं घाला. हे म्हणायचे, करू गं, पितृपक्षात नको असले विषय. मग दिवाळी यायची. मग संक्रांत, मग लग्नसराई. की पुन्हा पितृपक्ष." माझा आवाज चढतो. "तुझ्यावर जीव होता त्यांचा! तुझं नाव खोडायला हात धजत नव्हता, दुसरं काही नाही!"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते माझ्याही लक्षात येत नाही. इंदू हसते.

"अगं, जीव कसला. माझ्या वेळीही हे असंच करत होते."

आम्ही बाकावर बसलोय. दवाखान्याचा लांबच लांब पॅसेज आहे आणि त्यात आमच्या घरच्या कुंड्या ओळीनं मांडल्यात. समोरच्या खोलीत पलंगावर कुणीतरी झोपलंय. ती की हे, ते दिसत नाही.

"घर घेतलं तेव्हा मन्याचं नाव घातलं होतं मी," ती म्हणते. "धाकटा भाऊ, लाडका, म्हणून. पुढे मी आजारी पडले, तेव्हा वाटलं, बदलून ह्यांचं घालावं. हे फॉर्म घेऊन आलेही. तीन दिवस खिशात घेऊन बसले. म्हणायचे, बरी झालीस की बघू."

"मग तू का नाही मागितलास?"

"मागितला असता, तर मी राहत नाही हे मला कळलंय, ते त्यांना कळलं असतं ना."

मी खाली बघते. माझ्या मांडीवर पिशवी आहे. तीच ती तपकिरी रेक्झिनची. वकिलांनी करून दिलेलं ह्यांचं मृत्युपत्र तिच्यात आहे, हे घर माझ्या नावानं लिहिलेलं. फक्त सही राहिलेली. वर ह्यांचं शाईचं पेन, दातानं चावून चावून टोपणाची वाट लागलेलं. माघातले अकरा दिवस ही पिशवी अशीच मांडीवर होती. साक्षीला दोघंजण तयार होते. पण सलाइन लावलेल्या माणसाला काय म्हणायचं? अहो, जायच्या आधी तेवढी सही करा? लोक म्हणाले असते, घरावरच टपून बसली होती.

"एवढंच?" इंदू विचारते.

नाही, एवढंच नाही. जे मी माझ्या भाचीलाही सांगितलेलं नाही, ते या बाईसमोर तोंडून निघतं. "नवव्या दिवशी हे स्वतःच म्हणाले, हेमा, तो कागद आणलायस का गं? आणि मी म्हणाले, कुठला कागद? गप पडा बघू."

सात महिने मी हिच्या नावानं बोटं मोडतेय. आता ती माझ्या पाठीवरून हात फिरवते, आणि मला ते आवडतं, याचाही राग येतो.

"तुझं स्वतःचं काय आहे?" ती विचारते.

"माझं काय असणार! पोस्टातलं पुस्तक आहे. लॉकरमध्ये आईच्या पाटल्या."

"त्यावर नॉमिनी म्हणून नाव कुणाचं?"

"ह्यांचं."

"हे तर इकडे आहेत."

नवरा शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलाय, अशा सुरात सांगते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"म्हणजे? माझ्या आईच्या पाटल्याही तुझ्याच घरात?"

इंदू आपलं मनगट निरखते. "बघू, मला होतात का."

"हात तर लावून बघ!"

"मग लिही की," ती हसत म्हणते आणि माझी मूठ उघडून तिच्यात काहीतरी ठेवते. "मन्या यायच्या आत लिही. आणि त्याला खीर घाल. एकवीस वर्षं परक्या बायका जेवल्या माझ्या नावानं, माझा भाऊ काही कुणी बोलावला नाही." समोरच्या खोलीतून ह्यांचा खाकरण्याचा आवाज येतो. मी उठायला जाते. "तू नको," इंदू म्हणते. "मी बघते त्यांना." आणि ती आत जाते. दार लावून घेते.

मी जागी होते ती रडतच. पावणेपाच झालेत. उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडते तर चावलेल्या टोपणाचं पेन, आणि तळव्यावर ओल्या शाईचा डाग. पिशवी माघापासून माळ्यावर आहे. स्टुलावर चढून बघते. चेन लावलेली, वर सात महिन्यांची धूळ. चेन उघडते. मृत्युपत्र आहे, पेन नाही.

त्या कागदावर आता कुठलंही पेन चालणार नाही. घराचं रविवारी काय व्हायचं ते होईल. अर्धं जाईल, नाहीतर सगळ्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढेन. पण टीव्हीखालच्या खणात लॉकरच्या नॉमिनीचा फॉर्म आहे. माझ्या भाचीनं, मृणालनं, चैत्रात आणून दिला होता. "मावशी, एवढा भरून ठेव गं," म्हणाली होती. मी म्हणाले होते, बघू.

दूध खिरीसाठी गॅसवर ठेवते आणि फॉर्म घेऊन बसते. पेन पहिल्या रेघेलाच उठतं. नवीन नाव: मृणाल. आधीचं नाव: भास्कर. नाव बदलण्याचं कारण. इथे हात थांबतो. मग मी लिहिते, मयत. सात महिन्यांत हा शब्द ह्यांच्यासाठी माझ्या हातून पहिल्यांदाच उतरला.

"ठेव त्यांना तुझ्यापाशी," मी रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून मोठ्यानं म्हणते. "पण पाटल्या मृणालच्या!"

बेल वाजते. मनोहर आला असणार. पुन्हा वाजते.

"आले, आले," मी आतूनच ओरडते. "तेवढी सही करते, मग उघडते."