भिंतीवरचा बोर्ड आणि चाचांचा टेम्पो

या भोगीच्या सकाळी, डेअरीत दूध घालायची रांग लागलेली असताना, आमच्या गावच्या दूधटेम्पोच्या ड्रायव्हरवर अन्याय झाला. ड्रायव्हर म्हणजे चाचा. अख्खं गाव त्यांना चाचाच म्हणतं. टेम्पो सुरू होत नव्हता. डेअरीचे सेक्रेटरी पायरी उतरून आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तोंड उघडा. हाऽ करा."

साठीला आलेला, रोजे न चुकवणारा माणूस. दारूला कधी हात लावलेला नाही. त्यांनी तोंड उघडलं. सेक्रेटरींनी वाकून वास घेतला आणि रांग हसली. मी रांगेच्या टोकाला किटली घेऊन उभी होते. हसणं आधी ऐकलं, कारण मागून कळलं.

वास आलाच नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून दुधाची खेप एका पिकअपला गेली. पिकअप सेक्रेटरींच्या मेव्हण्याची. योगायोग, म्हणे.

"एक आठवडा हा माणूस वेळेवर येतो आन् एक आठवडा याची गाडी मरते," सेक्रेटरी म्हणाले. "गाडीला आठवडे कळत्यात का? माणसाला कळत्यात."

लोकांना ते पटलं. खरं सांगायचं तर ऐकायला पटण्यासारखंच होतं.

आमचं गाव पारनेरच्या पठारावर आहे. थंडीत पहाटे हात बधिर होतात आणि चाचांचं जुनं डिझेल इंजिन खोकत बसतं. पूर्वी ते इंजिनावर उकळतं पाणी ओतायचे, नाहीतर खालून पेटता बोळा धरायचे. तेव्हा बायका ओरडायच्या, "चाचा, पेटवाल एक दिवस सगळ्यांला!" उशीर झाला की शीतकरण केंद्रावर कॅन उतरवून घेत नाहीत, सगळ्या गावाचं दूध परत येतं. मग दिवाळीनंतर चाचांनी शिर्डीच्या एका हॉटेलच्या भंगारात काढलेल्या जनरेटरचा हीटर आणला आणि टेम्पोला बसवून घेतला. इंजिनात खेळणारं पाणी हा हीटर रात्रभर कोमट ठेवतो. रात्री पिन लावायची, पहाटे काढायची, चावी फिरवली की गाडी सुरू. टेम्पो उभा राहायचा डेअरीच्या आवारात आणि पिन लागायची डेअरीच्या बाहेरच्या भिंतीवरच्या बोर्डात. गावाने टेम्पोचं नाव 'गिझरवाला' ठेवलं.

पहिले काही दिवस सगळं छान चाललं. मग एका आठवड्यात इंजिन पुन्हा थंडगार. पुढच्या आठवड्यात ठीक. पुन्हा थंडगार.

मी गावात पत्रकं काढते. रेशनवर काढलं, शाळेच्या संडासावर काढलं. त्यामुळे लोक मला बघितलं की आधी विषय बदलतात. भोगीनंतर मी चाचांच्या घरी गेले तेव्हा चाचांनीही आधी चहाचाच विषय काढला. मीच विचारलं, "पिन कोण काढतं?"

"काढत न्हाई बेटी. म्या पिन तारेनं बांधून ठेवली हुती. सकाळी तार जशीच्या तशी."

"मग हीटर बिघडलाय."

"घरी लावून बघितला. चटका बसला."

"बोर्ड?"

"दिवसा बल्ब लावून बघितला. लख्ख लागला."

हीटर चांगला, बोर्ड चांगला, पिन जागेवर, आणि पहाटे इंजिन थंड. माझा कुणावरच विश्वास राहिला नाही. पहिला संशय राखणदारावर गेला. त्याला म्हटलं, रात्री हीटरचं बटण बंद करून तुम्ही विजेची शेगडी लावता का? तो भडकला. "ताई, माझी शेगडी गवऱ्यांची हाय. या, हुंगा! तुमच्या गावाला हुंगायची लई हौस!" मग पिकअपवाल्या मेव्हण्यावर नजर ठेवली. रात्री तो घोरत पडतो, याला त्याची बायकोच साक्षीदार. आणि लपवत कशाला, चाचांवरही संशय आला. इतकी सरळ उत्तरं कोण देतं?

उलगडा झाला तो दुधाच्या रांगेतल्या एका टोमण्यातून. माझ्यापुढे शेजारच्या मावशी होत्या. पिकअपही त्या दिवशी उशिरा आली, तशा त्या म्हणाल्या, "यापरीस चाचा बरे हुते. आमचे मालक रात्रीचे कांद्याला पाणी द्यायला गेले की त्या आठवड्यात चाचांची गाडी टायमाला. मालक घरात झोपले की चाचांचीबी गाडी झोपली. दोघांचं साटंलोटं हाय म्हणायचं!"

बायका खिदळल्या. माझ्या हातातली किटली तशीच राहिली.

शेतीची लाईन आमच्याकडे आठवड्याने बदलते. एक आठवडा वीज दिवसा, एक आठवडा रात्री. गावठाणाची लाईन वेगळी, ती दिवसरात्र असते. डेअरी गावठाणाच्या लाईनवर आहे. मग भिंतीवरचा बोर्ड कुणाच्या लाईनवर?

तो आठवडा दिवसपाळीचा होता. मी लाईट यायची वाट पाहिली आणि माझा मोबाईल त्या बोर्डाला लावला. चार्जिंग सुरू. चाचांचा बल्ब दिवसा का लागला, ते तिथेच कळलं. डेअरीच्या भिंतीला लागून सेक्रेटरींचं शेत आहे, बोअरच्या मोटरची पेटीही तिथेच. मावशींना म्हटलं, "मोबाईलकडे बघत राहा," आणि पेटीचा खटका खाली ओढला.

"गेली गं!" मावशी ओरडल्या. डेअरीतला दिवा चालूच होता. म्हणजे बोर्ड शेतीच्या लाईनवर, आणि दिवसपाळीच्या आठवड्यात हीटरला रात्रभर वीजच नाही. खटका वर केला, चार्जिंग पुन्हा सुरू. मोटर बंद का पडली म्हणून सेक्रेटरी धावत बाहेर आले आणि मावशींनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "भाऊसाहेब, तुमच्या बोअरनं दारू पिली हुती काय?"

सेक्रेटरी म्हणाले, वायरमनने काहीतरी केलं असेल. मग म्हणाले, डेअरीच्या मीटरवर बोजा नको म्हणून कुणीतरी सुचवलं होतं. मग म्हणाले, एवढं कुणाच्या लक्षात राहतं? मी विचारते, तुमच्या शेतातली मोटर, तुमची पेटी, पाण्याच्या पाळ्या तुम्हीच धरता. वीज कधी येते आणि कधी जाते हे गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. फक्त तुम्हालाच ठाऊक नव्हतं? आणि ठाऊक असताना माणसाचं तोंड हुंगायला वाकलात? यातलं कुठलं खरं, ते मला अजून माहीत नाही. बरं काही मनात येत नाही, एवढं नक्की.

बोर्ड आता डेअरीच्या लाईनवर आहे. खेप चाचांना परत मिळाली. "झालं गेलं विसरून जा," असं सेक्रेटरींनी त्यांना केबिनमध्ये बोलावून, दार लोटून सांगितलं. हुंगायच्या वेळी दार लोटायचं कुणाला सुचलं नव्हतं.

खेप परत मिळाल्यापासून चाचा आवारात शिरताना तोंडाला रुमाल बांधतात. कॅन चढवतात, मान डोलावतात, निघून जातात. मी विचारलं तर म्हणाले, "थंडी हाय बेटी." आता उन्हाळा लागलाय, हीटरची पिनसुद्धा लावावी लागत नाही, पत्रा तापतो, बायका पदराने वारा घेतात. रुमाल तसाच आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्या सकाळी रांगेत होते. कोण हसलं ते मला विचारू नका, तुम्हाला माहीत आहे. उद्या सकाळी दूध घालायला जाणारच आहात. किटली खाली ठेवा. चाचा कॅन चढवत असतील, त्यांच्यासमोर उभे राहा आणि म्हणा, "चाचा, आम्ही हसलो. चुकलो." मोठ्याने म्हणा. मग सेक्रेटरींना केबिनमधून बाहेर बोलवा, त्याच पायरीखाली उभं करा, आणि सगळ्यांदेखत तेच त्यांच्याकडून म्हणवून घ्या. तोवर दूध मोजायला देऊ नका.