बरोबर उत्तरावर हसलेला वर्ग

अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

देवपूरच्या एका क्लासमध्ये मी गणित शिकवते. आज नव्या सरांच्या तासाला मागे बसले होते. साक्रीकडच्या एका मुलीने x च्या किमती घालून y काढले आणि फळ्यावर y = 2x + 1 चा आलेख अचूक काढला.

"रेघ वर का जाते?" सरांनी विचारलं.

"x वाढस तसा y बी वाढस, सर."

वर्ग हसला. सरही हसले. "आधी मराठी शिक, मग गणित!"

मी उठले. "सर, उत्तर बरोबर की चूक?"

"बरोबर आहे मॅडम, पण..."

"मग पण कशाला?"

पोरीने नंतर तासभर मान वर केली नाही.

हसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी अहिराणीच बोलतात. तुमच्याही बोलत असतील. तुम्ही हसला असता का?