कालवे गोठण्याची वाट बघणारा साहेब

अख्ख्या सौदी अरेबियात बर्फाची काळजी वाहणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या नशिबी साहेब म्हणून आला होता. खफजीच्या तेल कंपनीत मी रत्नागिरीहून गेलेला फिटर, तो आमचा डच सुपरवायझर. तरुणपणी लांब पल्ल्याचा स्केटर होता. पात्यांचे बूट घालून बर्फावरून धावणारा. मांड्या अशा की तयार पँट जन्मात कधी बसली नाही. चाले तो कमरेत वाकून, हात पाठीशी बांधून; नव्या माणसाला वाटे, साहेबाचं काहीतरी हरवलंय. बर्फावरच्या रिंगणात म्हणे कायम डावीकडेच वळायचं असतं, म्हणून उजवीकडचं ऑफिस गाठायलाही हा डावीकडून सबंध पंपहाऊसला वळसा घालून येई. उन्हाळा असह्य झाला की मेसच्या कोल्डरूममध्ये, गोठलेल्या कोंबड्यांच्या खोक्यांवर जाऊन बसे. आमचा खेडचा आचारी इब्राहिमभाई दार लोटता लोटता विचारी, "काय साहेब, माहेरी आलात?" आत हा डोळे मिटून थंडी हुंगत असे.

देशाच्या संघाच्या उंबरठ्यापर्यंत तो कितीदा तरी गेला आणि दरवेळी राखीव राहिला. "माझ्या पुढच्याला कधी साधी सर्दीसुद्धा झाली नाही," असं आम्हाला मोडक्या हिंदीत सांगे. पण खरं दुखणं निराळंच होतं. त्याच्या मुलखात कालवे पुरेसे गोठले, तरच गावागावांतून दिवसभर चालणारी एक मोठी शर्यत होते. त्याच्या साऱ्या उमेदीच्या वर्षांत बर्फ पातळच राहिला. शेवटी कंटाळून त्याने वाळवंटातली नोकरी धरली, आणि मग कालवे गोठले! पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, कपाटात आणि कफील ससाणा घेऊन शिकारीला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गोठले, तेव्हा प्लांट दुरुस्तीला काढलेला, सगळ्यांच्या रजा बंद. दोन्ही शर्यती त्याने रेडिओला कान लावून ऐकल्या. पुढे शर्यतीचं नाव काढेनासा झाला, थंडीत दर शुक्रवारी भावाला फोन करून एवढंच विचारी, "किती जाड?"

मग युद्ध पेटलं. सीमेपलीकडून तोफगोळे येऊ लागले, खफजी रिकामं झालं आणि आम्हाला दम्मामच्या एका गोदामात आणून टाकलं. विमानं बंद होती. सायरन झाला की गॅसमास्क चढवायचा, थांबला की काढायचा. एका सकाळी साहेबाचा भावाशी फोन लागला. परत आला आणि भिंतीला पाठ लावून खालीच बसला.

"कालवे गोठतायत," तो म्हणाला.

त्यानंतर रोज कंपनीच्या माणसापुढे जाऊन उभा राही. कुठलंही विमान द्या, मालाचं द्या. तो माणूस हात झटके, "खलास, काही नाही." मला राहवेना. म्हटलं, "साहेब, जिना चढताना तुम्ही कठडा धरता. या गुडघ्यांनी धावणार कसे?"

"ते ठाऊक आहे रे," तो म्हणाला. "मला हरायला तरी जाऊ दे."

थोड्याच दिवसांत बर्फ वितळला, शर्यत झालीच नाही. मला वाटलं, सुटला बिचारा. त्या दुपारी सायरन वाजला. आम्ही मास्क चढवले. साहेब मात्र मास्क मांडीवर घेऊन तसाच बसलेला. इब्राहिमभाई अंगावर ओरडला, "घाला म्हणतो ना! कोणासाठी मरताय?" आणि त्यानेच तो जबरदस्तीने चढवला. काचेमागे साहेबाचे डोळे वाहत होते. मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत. सायरन थांबेपर्यंत मी आणि इब्राहिमभाई दुसरीकडे बघत राहिलो.

युद्ध संपल्यावर तो मायदेशी गेला. बऱ्याच वर्षांनी, मी रत्नागिरीत दुकान थाटल्यावर, एका संध्याकाळी त्याचा फोन आला. कालवे गोठले होते आणि शर्यत झाली होती.

"धावलात?" मी विचारलं.

"नाही. पुलाखाली उभा राहून धावणाऱ्यांना गरम सूप दिलं. एका पोराने तर पेलासुद्धा परत केला नाही, तसाच पळाला." तो थोडा हसला.

"फार छान धावत होता तो पोरगा," साहेब म्हणाला.